ताशी हवापालट किती? पुनर्वसन इमारतींचे नकाशे काढणाऱ्यांना आणि मंजूर करणाऱ्यांना खुलं पत्र

मुंबईत पुनर्वसनाच्या इमारतींचे नकाशे काढणारे वास्तुविशारद, ते तपासणारे अभियंते आणि त्यांवर शिक्का मारणारे अधिकारी यांना,

सप्रेम नमस्कार.

मी थुंकी तपासते. एका खासगी पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे आणि गेली चौदा वर्षं माझ्या दिवसाची सुरुवात लोकांच्या बेडक्याच्या डब्या ओळीनं लावण्यात होते. काचपट्टीवर पातळ थर पसरायचा, सुकवायचा, आचेवर लाल रंग चढवायचा, आम्लानं धुवायचा, वर निळा द्यायचा. टीबीचा जंतू असेल तर निळ्यावर बारीक लाल काड्या दिसतात. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ ला बर्लिनमध्ये जाहीर केला तो हाच जंतू. हल्ली सीबीनॅटचं मशीन दोनेक तासांत जंतू आहे का आणि तो रिफाम्पिसिनला, म्हणजे टीबीच्या एका मुख्य औषधाला, दाद देतो का, दोन्ही सांगून टाकतं. तरी स्लाइड अजून बंद झालेली नाही.

पण हे पत्र स्लाइडबद्दल नाही. ज्या खोलीत मी ती डबी उघडते, त्या खोलीबद्दल आहे. तिथे एका भिंतीत हवा बाहेर फेकणारा पंखा आहे, समोरच्या भिंतीत हवा आत यायची जागा आहे, आणि टेबल अशा बेतानं ठेवलंय की वारा माझ्या पाठीकडून डबीकडे आणि डबीकडून थेट बाहेर जावा. वर्षातून एकदा तपासणीला माणूस येतो. पंख्याचं तोंड मोजतो, हातातल्या यंत्रानं वाऱ्याचा वेग बघतो, खोलीची लांबी-रुंदी-उंची लिहून घेतो, भागाकार करतो आणि विचारतो, "मॅडम, एसीएच किती येतोय बघा." एसीएच म्हणजे खोलीत मावते तेवढी नवी हवा तासाभरात किती वेळा आत येते, तो आकडा. टीबीच्या लॅबसाठी जागतिक आरोग्य संघटना तो ६ ते १२ असावा म्हणते. रुग्णालयांसाठी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची २०१० सालची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यांत जास्त जोखमीच्या जागांना किमान १२ सांगितलाय.

या एसीएचला मराठीत नवा शब्द घडवायला नको. तो आपल्याकडे आहेच. माझ्या सासूबाईंच्या लहानपणी छातीचं दुखणं झालं की ज्याची ऐपत असेल तो मिरजेला नाहीतर पाचगणीला जायचा. कशाला? हवापालट करायला. मी लॅबच्या फॉर्मवर एसीएचच्या शेजारी पेनानं 'ताशी हवापालट' असं लिहून ठेवलंय. तपासणीवाला हसला होता, पण खोडलं नाही त्यानं.

आता माझं घर. पूर्व उपनगरातली एक पुनर्वसन वसाहत, तळमजला अधिक सात मजल्यांची इमारत, दुसऱ्या मजल्यावर २२५ चौरस फुटांची खोली, माणसं सहा. रुळालगतच्या झोपडीतून इथे आलो त्या दिवशी सासूबाईंनी स्वयंपाकघरातल्या नळाला हळद-कुंकू वाहिलं होतं. घरातला संडास आणि घरातलं पाणी, हे सुख खोटं नव्हतं. आधीच सांगून ठेवते, नाहीतर तुम्हाला वाटायचं, फुकटात मिळालेल्या घराला ही बाई नावं ठेवतेय.

२०२१ च्या पावसाळ्यात माझ्या धाकट्या जावेला खोकला लागला. महिनाभर सगळे म्हणत होते, पावसाचा आहे. डबी मीच लॅबमध्ये नेली आणि तपासायला मात्र दुसऱ्या मुलीला सांगितलं, माझा हात धजेना. रिफाम्पिसिन रेझिस्टन्स निघाला. म्हणजे एमडीआरच धरायचा, नेहमीच्या मुख्य औषधांना दाद न देणारा टीबी. अठरा महिने गोळ्या. सुरुवातीला तिचं वजन ३८ किलो होतं. बरी झाली. आणि गेल्या वर्षी सासूबाईंची डबी न्यायची वेळ आली. त्यांनाही तोच रेझिस्टन्स.

जंतू त्यांना घरातच मिळाला, असं मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. टीबीचा जंतू शरीरात वर्षानुवर्षं गप्प बसू शकतो. पण एक गोष्ट बघा. सासूबाईंना सहा महिन्यांचा कोर्स मिळाला. बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन. उझबेकिस्तान, बेलारूस आणि दक्षिण आफ्रिकेत त्याची चाचणी झाली, निष्कर्ष २०२२ च्या डिसेंबरात छापून आले, आणि २०२४ च्या सप्टेंबरात आपल्या सरकारनं तो मंजूर केला. जावेला अठरा महिने लागले, सासूबाईंना सहा. औषधशास्त्र एवढ्या वर्षांत इतकं पुढे आलं. आमची खिडकी होती तिथेच आहे.

त्या खिडकीचं मोजमाप मी घेतलंय. कोविडच्या वेळी आमच्या सरांनी लॅबसाठी कार्बन डायऑक्साइड मोजणारा एक छोटा मीटर घेतला होता, साबणाच्या वडीएवढा. तो चार रात्री घरी आणला आणि फ्रिजवर ठेवला. उघड्यावर हा आकडा साधारण ४२० असतो, दहा लाख भागांत ४२०. आमच्या गच्चीवर ४३० दाखवला. रात्री नऊला घरात, दार सताड उघडं असताना, ९०० च्या आसपास. अकराला दार लावलं, खिडकी लावली, सगळे आडवे झालो. मला झोप कसली येते, दर तासाला उठून बघत होते. १,३००. १,७५०. २,१००. पहाटे चारला २,४२० वर येऊन तो आकडा तिथेच घुटमळत राहिला.

हिशोब सोपा आहे, तुम्ही अभियंते आहात, तोंडी कराल. माणूस सोडतो त्या श्वासात साधारण ४ टक्के, म्हणजे ४०,००० भाग कार्बन डायऑक्साइड असतो. खोलीत बाहेरच्यापेक्षा २,००० जास्त. म्हणजे दर वीस श्वासांमागे एक श्वास भरेल इतकी हवा आधीच कुणाच्या तरी छातीतून जाऊन आलेली. आमच्यातल्याच कुणाच्या तरी, स्वतःच्यासुद्धा. झोपलेलं माणूस तासाला १२-१३ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतं असं धरून उलटा भागाकार केला तर ताशी हवापालट येतो जेमतेम पाऊण, तोही नाही. कार्बन डायऑक्साइड म्हणजे काही जंतू नव्हे, हे मलाही कळतं. पण श्वास कुठे साचतोय ते तो दाखवतो, धुरानं वाऱ्याची दिशा कळावी तसं. मी डबी उघडते ती खोली ६ ते १२. ज्या माणसाची ती डबी, तो झोपतो ती खोली एकाच्याही आत. आणि डबीवर झाकण तरी असतं.

तुम्ही विचाराल, खिडकी का लावता? विचाराच. खिडकीबाहेर समोरच्या इमारतीची भिंत आहे, तीन मीटरवर. समोरच्या वहिनी भाकरीचं पीठ कुठल्या डब्यातून घेतात ते मला ठाऊक आहे, तसं त्यांनाही माझं सगळं ठाऊक असणार. कपडे बदलायचे तर खिडकी लावावी लागते. मधल्या बोळात वरच्या मजल्यांवरून काय काय पडतं ते लिहीत नाही, जेवायच्या वेळी वाचत असाल तर. त्या बोळातून ड्रेनेजचा पाइप गेलाय, त्यावरून उंदीर चढतात, एकदा बाळंतिणीच्या खोलीत शिरला होता. संध्याकाळी डास. वर छज्जा नाही, म्हणून जून ते सप्टेंबर पाऊस सरळ गादीवर येतो. शिवाय खिडकी सरकती आहे. दोन काचांची सरकती खिडकी कितीही उघडा, अर्धी बंदच राहते. हे लक्षात यायला मला इतकी वर्षं लागली, तुम्हाला तर पहिल्या वर्षाला शिकवत असतील.

राष्ट्रीय बांधकाम संहितेत दमट-उष्ण हवामानासाठी नियम आहे, की खिडक्यांचं क्षेत्रफळ खोलीच्या एक-षष्ठांश असावं. आमच्या नकाशात ते भरत असेलही. पण तो नियम भिंतीतल्या भोकाचा झाला. भोकातून काय येतं, ते भोक दिवसातले किती तास उघडं राहू शकतं, हे त्यात कुठेच येत नाही. नकाशातली खिडकी कायम उघडी असते, तिच्याबाहेर कचरा नसतो आणि घरात तरणीताठी मुलगी नसते.

आता संशोधन काय म्हणतं ते सांगते. १९५० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत बाल्टिमोरच्या एका रुग्णालयात रायली आणि वेल्स या दोघांनी टीबीच्या सहा खाटांच्या वॉर्डातली हवा नळीनं वरच्या मजल्यावर नेली आणि तिथे गिनी पिग ठेवले. रुग्णाचा चेहराही न पाहिलेल्या त्या प्राण्यांना नुसत्या हवेतून टीबी झाला. दुसऱ्या खोलीतल्या प्राण्यांना तीच हवा अतिनील किरणांखालून जाऊन मिळत होती, त्यांना झाला नाही. टीबी हवेतून जातो, हे तेव्हाच सिद्ध झालं होतं. तरी आपण आजही 'खोकताना रुमाल धरा' एवढ्यावरच थांबतो. केपटाउनच्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये दाखवलं की माणूस दिवसाला फार तर काहीशे वेळा खोकतो, पण श्वास घेतो वीस हजारांवर वेळा, त्यामुळे दिवसभरात हवेत जाणाऱ्या जंतूंपैकी ९० टक्क्यांपर्यंत जंतू साध्या श्वासातूनच जात असावेत. त्यात आपल्याकडच्या २०१९-२१ च्या टीबीच्या राष्ट्रीय पाहणीचं घ्या. तिच्यात सापडलेल्या रुग्णांपैकी ४२.६ टक्के, नुसती लक्षणं विचारली असती आणि छातीचा एक्स-रे काढला नसता, तर निसटलेच असते. खोकला नाही म्हणून रुमाल नाही, रुमाल नाही म्हणून कुणाला शंका नाही, आणि सहा जण एका खोलीत झोपलेले.

मला सर्वांत भावला तो पेरूतला अभ्यास. लिमा शहरातल्या आठ रुग्णालयांत एस्कोम्ब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सत्तर खोल्यांचा हवापालट मोजला, २००७ साली तो प्रसिद्ध झाला. दारं-खिडक्या उघड्या ठेवल्या की मधला आकडा २८ येत होता. यंत्रानं हवा खेळवणाऱ्या खास खोल्यांचं ठरलेलं प्रमाण होतं १२. आणि १९५० च्या आधी बांधलेल्या उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या जुन्या वॉर्डांत ४०, तर नव्या बांधकामांत १७. म्हणजे ज्यांनी यंत्रं पाहिली नव्हती त्या गवंड्यांच्या भिंती जास्त श्वास घेत होत्या. वाचताना मला आमची जुन्या चाळीतली मावशी आठवली. तिच्या दाराच्या वर लाकडी जाळी होती, समोर गॅलरी होती आणि मागे खिडकी. वारा एका बाजूनं यायचा, दुसऱ्या बाजूनं जायचा. आमच्या इमारतीत दोन्हीकडे घरं आणि मधे अंधारा पॅसेज, दिवसाही ट्यूब लागते. दार उघडलं तरी पॅसेजचीच हवा आत येणार. मीटर घेऊन तिथेही उभी राहिले होते, १,१०० होता.

दूर कशाला जायचं? डॉक्टर्स फॉर यू ही संस्था आणि आयआयटी मुंबईचे संशोधक यांनी आपल्याच एम पूर्व विभागातल्या, म्हणजे गोवंडी-मानखुर्दकडच्या, तीन पुनर्वसन वसाहतींचा अभ्यास केला, लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजीपी. २०१८ मध्ये त्यावर चर्चा झाली, २०२० मध्ये शोधनिबंध आला. पहिल्या दोन वसाहतींत इमारती एकमेकींना खेटून आहेत, तिसऱ्यात अंतर जास्त आहे. टीबीचा भार दाटीच्या वसाहतींत जास्त आढळला, आणि उजेड-वारा कमी मिळण्याशी त्याचा संबंध दिसला. असा अभ्यास कार्यकारणभाव सिद्ध करत नाही, दाटीत राहणारी माणसं जास्त गरीबही असू शकतात, हे मान्य. पण बाल्टिमोर, लिमा आणि गोवंडी एकाच दिशेला बोट दाखवत असतील तर आणखी कशाची वाट बघायची?

आणि हे शहाणपण मुंबईला नवं नाही. १८९६ ला इथे प्लेग आला, १८९८ ला सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टनं गरिबांची घरं पाडली जास्त आणि बांधली कमी, तो भाग वेगळा. पण त्याचे प्रमुख जे. पी. ऑर यांनी १९१२ साली मुंबईतल्या घरांतल्या उजेडावर आणि हवेवर एक सबंध व्याख्यान दिलं होतं, आणि ट्रस्टचा एक नियम होता, साडेत्रेसष्ट अंशांचा. खोलीच्या बाहेरच्या भिंतीच्या पायथ्यापासून ६३.५ अंशांची तिरकी रेषा वर काढायची, समोरचं बांधकाम तिच्या वर जाता कामा नये. सोप्या भाषेत, समोर जेवढी मोकळी जागा तिच्या दुपटीहून इमारत उंच नको. आमच्या बोळाला तो लावून पाहिला. इमारत २३ मीटर धरली तर समोर साडेअकरा मीटर हवेत. आहेत तीन. कोन भरतो ८२ अंशांच्या वर. प्लेगच्या काळातल्या साहेबानं आमची इमारत नापास केली असती, आणि ती सगळ्या सह्या-शिक्क्यांनिशी उभी आहे. पुनर्वसनासाठी मोकळ्या जागेच्या अटी शिथिल करायची मुभा आपल्या नियमांत आहे. घनतेची तर कमाल मर्यादा नाहीच, उलट हेक्टरी किमान इतकी घरं बसवलीच पाहिजेत अशी अट आहे.

तुमचं उत्तर मला माहीत आहे. टीबी गरिबीचा आजार आहे, पोटाचं आधी बघा. बरोबर आहे. झारखंडमध्ये 'राशन्स' नावाची चाचणी झाली, २०२३ मध्ये निष्कर्ष आले. रुग्णांच्या घरातल्या दहा हजारांवर माणसांमध्ये ज्यांना दरमहा माणशी पाच किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ मिळाली, त्यांच्यात नव्यानं टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी घटलं. कुठलंही औषध नाही, तांदूळ-डाळ. सरकारनं रुग्णांचं पोषण अनुदान २०२४ च्या नोव्हेंबरपासून पाचशेचं हजार केलं, तेही बरं झालं. पण पोटाचं खातं ज्यांचं आहे ते आपलं काम करताहेत, गोळ्यांचं खातं ज्यांचं आहे तेही करताहेत. हवेचं खातं तुमचं आहे. आणि जाऊ अठरा महिन्यांतले दोन महिने माणला माहेरी ओसरीवर झोपून आली म्हणून बरी झाली, असंही मी म्हणत नाही. ती गोळ्यांनी बरी झाली. हवापालटाचा उपयोग आजारी माणसाला नव्हताच फारसा, तो त्याच्या शेजारी झोपलेल्याला आहे. मिरज-पाचगणीच्या काळात हे उलटं समजलं जायचं.

मागणं फार नाही. इमारतीला ओसी, म्हणजे राहायला परवानगीचा दाखला, देण्याआधी तुम्ही लिफ्ट चालवून बघता, आगीचा पंप चालवून बघता. तसा सर्वांत खालच्या राहत्या मजल्यांवर चार खोल्यांचा हवापालट मोजा. खोलीत थोडा कार्बन डायऑक्साइड सोडायचा आणि तो किती वेळात उतरतो ते बघायचं, तासाभराचं काम आहे, पद्धत जुनी आहे. फक्त मोजताना खिडकी आम्ही ठेवतो तशी ठेवा. अर्धी सरकवलेली, पडदा ओढलेला, दार लावलेलं. तो आकडा ओसीवर छापा. नापास झाली तर ओसी नाही. एवढं एक झालं ना, तर बाकीचं तुमचे वास्तुविशारद आपणहून करतील, कारण त्यांना डोकं आहे, फक्त त्याची परीक्षा कधी या विषयात झालेली नाही. पॅसेजची दोन्ही टोकं उघडी राहतील. दारावर झडप येईल, मावशीच्या दारावर होती तशी. सरकत्या काचेऐवजी पूर्ण उघडणारी कवाडं येतील, वर छज्जा येईल. नव्या योजनांत, आणि धारावीत तर आता एवढं मोठं काम निघालंय, इमारतींमधलं अंतर कागदावर ठरतानाच कुणीतरी ऑरसाहेबांची तिरकी रेषा ओढून बघेल.

उभ्या इमारती तुम्ही सरकवू शकत नाही, मला कळतं. पण बोळ साफ ठेवून तिथे वरून कचरा पडणार नाही अशी जाळी, खिडक्यांना डासांची जाळी आणि दारावर झडप, हे करायला जमीन लागत नाही. आमच्या शेजारच्या सुताराला मी झडपेचा खर्च विचारला. तो म्हणाला, "वहिनी, करून देतो, पण सोसायटी म्हणेल दाराचं तोंड बदललं." सोसायटीला तुमचं एक पत्र पुरेल.

मीटर सरांनी अजून महिनाभर माझ्याकडे राहू दिलाय. तुमच्यापैकी कुणाला यायचं असेल तर दिवसा येऊ नका, दिवसा दार उघडं असतं आणि आकडा बरा दिसतो. पहाटे चारला या. लिफ्ट रात्री बंद ठेवतात, जिन्यातला पहिल्या मजल्यावरचा दिवा गेलाय, तेव्हा मोबाइलचा टॉर्च लावून चढा. सासूबाईंना मी सांगून ठेवलंय, त्या म्हणाल्या येऊ देत, चहा ठेवू.

आपली,
दुसऱ्या मजल्यावरची एक लॅब तंत्रज्ञ
पूर्व उपनगर, मुंबई